चेहऱ्याचा जामीन

ज्या समाजात शेजाऱ्याच्या घरात डोकावणे असभ्यपणाचे समजतात, त्याच समाजात नटाच्या घरात डोकावणे हा मात्र प्रत्येकाचा वहिवाटीचा हक्क मानला जातो, आणि तो हक्क आपण इतक्या निःशंकपणे बजावतो की कोणी हटकलेच तर आपल्याला शरम वाटण्याऐवजी नवल वाटते. कोणत्या नटीचे कोणाशी बिनसले, कोणत्या नायकाने पुरस्कार सोहळ्यात ज्येष्ठांना वाकून नमस्कार केला नाही, मालिकेतील कोणती सासू प्रत्यक्षातही तशीच खाष्ट असली पाहिजे, अमुक कलावंताने निवडणुकीच्या दिवसांत तोंड का उघडले आणि तमुकाने ते का मिटून ठेवले, या सर्व प्रकरणांची सुनावणी रात्रीच्या पानावर, लोकलच्या डब्यात, कट्ट्यावर आणि मोबाइलच्या पडद्यावर अष्टौप्रहर चालू असते. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश या तिन्ही जागा एकाच माणसाकडे असल्यामुळे निकालाला विलंब लागत नाही, आणि आरोपी हजर नसल्यामुळे त्याची कैफियत ऐकून घेण्याची तसदीही कोणाला पडत नाही.

असे बोलणे मुळातच गैर आहे असे माझे म्हणणे नाही. पैसे मोजून खुर्चीवर बसणाऱ्याला मत देण्याची मुभा असतेच, आणि मराठी प्रेक्षकाचा हा अधिकार तर नाट्यगृहाच्या मध्यंतरातील बटाटेवड्याइतकाच पक्का आहे. परंतु कोणता मामला आपल्या अखत्यारीतला आणि कोणता नाही याचा विचार आपण फारसा केलेला नाही. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचे आपले दफ्तर उघडून पाहिले तर असे आढळते की, जेथे आपला काडीचाही संबंध नव्हता तेथे आपण कठोर निकाल दिले, आणि जेथे आपला खिसा, आपली प्रकृती व आपली मुले गुंतलेली होती ते एकच प्रकरण वर्षानुवर्षे फडताळात पडू दिले.

आरंभ बालगंधर्वांपासून करणे भाग आहे, कारण लोकप्रियतेचे जे जे प्रकार आज आपल्याला नवे वाटतात त्यांतील बहुतेकांचा पहिला अनुभव त्यांनीच घेतलेला आहे. १९११ सालच्या मार्च महिन्यात किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग मुंबईत होणार होता, आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची, म्हणजेच नारायणराव राजहंसांची, लहानगी मुलगी मृत्यू पावली. प्रयोग रद्द न करता ते नायिका भामिनीच्या वेषात रंगभूमीवर उभे राहिले, ही हकीकत मराठी नाट्यव्यवहारात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की कर्तव्यनिष्ठेचा तो एक प्रमाणित दाखलाच होऊन बसला आहे. मला तो दाखला नेहमीच अस्वस्थ करतो. ज्या गृहस्थाच्या घरात त्या दिवशी मूल गेले, त्याने संध्याकाळी आपल्यासाठी लाडिक हसावे ही अपेक्षा बाळगणारा आणि ती पुरी झाल्यावर धन्य धन्य म्हणणारा जो प्रेक्षक, त्याच्याविषयी मात्र कोणी काही लिहिलेले नाही. नटाने आपले दुःख झाकले, हे त्याचे मोठेपण खरेच; पण ते झाकण्याची गरज आपण निर्माण केली होती.

त्याच बालगंधर्वांच्या नेसण्याची, केशरचनेची आणि दागिन्यांची नक्कल सुखवस्तू घरांतील स्त्रिया करीत असत. एक पुरुष स्त्रीने कसे दिसावे हे ठरवीत होता, आणि समाजाला त्यात वावगे असे काही दिसत नव्हते. पुढे १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते संत एकनाथ होऊन पुरुषवेषात पडद्यावर आले, तेव्हा मात्र त्या रसिकांचे मन रमेना; त्यांना नारायणराव नको होते, भामिनी हवी होती. आणि गोहरबाई कर्नाटकी यांच्याशी त्यांचा संबंध जुळला, तेव्हा ज्यांनी त्यांच्यावर सर्वस्व उधळले होते त्यांतीलच पुष्कळांनी पाठ फिरवली. त्या दोघांच्या गाण्यात आणि संसारात काय होते हे त्या दोघांना ठाऊक; आपण निकाल दिला तो आपल्या मनातील मूर्तीला तडा गेल्याबद्दल.

मूर्तीची ही ओढ स्त्रियांच्या बाबतीत कशी वागली ते पाहण्यासारखे आहे. दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसवावे लागले, ही गोष्ट आपण विनोदाने सांगतो, वास्तविक ती त्या काळच्या लोकनिंदेच्या धाकाची मोजदाद आहे. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला उभ्या राहिल्या, म्हणून तो धाक संपला असेही नाही. १९३१ साली दुर्गा खोटे ‘फरेबी जाल’ या चित्रपटात एका लहानशा भूमिकेत दिसल्या. सॉलिसिटराची मुलगी, कॉलेजात शिकलेली, प्रतिष्ठित घरात दिलेली आणि पदरी दोन मुले असलेली ही स्त्री केवळ ओढग्रस्तीमुळे कॅमेऱ्यापुढे गेली होती. पण त्यामुळे उठलेला गिल्ला असा होता की दोन्ही घराण्यांना तोंड दाखवणे कठीण झाले. पुढच्याच वर्षी कोल्हापुरात प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये त्या राणी तारामती झाल्या, आणि तेच लोक हात जोडू लागले. मधल्या काळात दुर्गाबाईंच्या शीलात वा स्वभावात काही फरक पडला होता काय? फरक पडला होता तो भूमिकेत. वाईट चित्रपटातील बाई वाईट आणि पतिव्रतेचे काम करणारी बाई पतिव्रता, इतका सोपा आणि इतका अन्यायकारक हिशेब तेव्हा होता, व तो अद्यापि पुरता बंद झालेला नाही.

हंसा वाडकरांना हा हिशेब फार महाग पडला. १९४१ साली त्या पडद्यावर संत सखू झाल्या. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’त आणि १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’मध्ये त्यांनी फडावरची तमासगीर अशी उभी केली की पुण्याच्या विजयानंद थिएटरात हा दुसरा चित्रपट १३१ आठवडे चालला. त्यांनी अरुण साधूंना सांगितलेले आणि ‘सांगत्ये ऐका’ याच नावाने प्रसिद्ध झालेले आत्मकथन वाचताना मन थक्क होते ते त्यातील भोगांमुळे नव्हे. आपल्या चुकांना कोठेही अलंकार न घालण्याचा जो सरळपणा त्यात आहे त्यामुळे. त्याच आत्मकथनावरून श्याम बेनेगलांनी १९७७ साली ‘भूमिका’ काढला, स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि हंसाबाईंच्या हयातीत त्यांच्या वाट्याला जे समजुतीचे शब्द आले नव्हते ते त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे सोंग घेतलेल्या नटीला लाभले.

आता याच्या शेजारी डॉ. काशिनाथ घाणेकरांचे प्रकरण ठेवून पाहावे. दातांचा डॉक्टर असलेला हा मनुष्य १९६२ साली वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मध्ये संभाजी म्हणून आला आणि पुढे ‘अश्रूंची झाली फुले’मधील लाल्या होऊन त्याने तरुण महाराष्ट्राला वेड लावले. नाटकाच्या जाहिरातीत नटांची नावे क्रमाने छापून सर्वांत शेवटी ‘आणि’ लिहून त्यांचे नाव देण्याची पद्धत पडली, आणि त्या एका अक्षरद्वयावर प्रयोगाचा तक्ता ‘हाउसफुल्ल’ होऊ लागला. त्यांची उशिरा येण्याची खोड, मद्याचा अंमल, सहकलावंतांशी खटके, हे सर्व प्रेक्षकांना माहीत होते, आणि त्यांतील बराचसा भाग त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाही होता. तरी टाळ्या थांबल्या नाहीत. तिकीट काढून ताटकळलेला प्रेक्षक त्यांच्या ‘एन्ट्री’ला सर्व विसरत असे. १९८६ साली अमरावतीच्या दौऱ्यावर असताना ते वारले, आणि २०१८ साली त्यांच्यावर चित्रपट निघाला तेव्हा त्या बेबंदपणाला एक प्रकारची झळाळीच प्राप्त झाली. घाणेकर थोर नट होते याविषयी माझ्या मनात शंका नाही. माझे म्हणणे एवढेच की, ज्या एका बाबतीत प्रेक्षकाला खरोखर फिर्याद करण्याचा हक्क होता, म्हणजे प्रयोग वेळेवर आणि शुद्धीवर व्हावा या बाबतीत, तेथे आपण उदार झालो. आणि हंसाबाईंच्या ज्या संसाराशी आपला तिकिटापुरताही संबंध नव्हता तेथे आपण कठोर राहिलो. पुरुषाचा बेतालपणा हा प्रतिभेचा आणि स्त्रीचा बेतालपणा हा चारित्र्याचा, अशी विभागणी कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नसून ती केवळ आपल्या मनात नोंदलेली आहे.

भूमिका आणि माणूस यांची गल्लत करण्याची सवय तर याहूनही खोल गेलेली आहे. निळू फुले हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. पुण्यात वानवडीच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करणारा, राष्ट्र सेवा दलात वाढलेला, ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्यातून पुढे आलेला हा अत्यंत विनयशील गृहस्थ १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’पासून पडद्यावर लंपट आणि कपटी होत गेला, आणि खेडोपाडी त्याचा परिणाम असा झाला की ते गावात आले की बाया पदर सावरून आड होत, काही जणी समोरासमोर शिव्याशाप देत. हा तिरस्कार म्हणजे आपल्या कामाला मिळालेली पावतीच होय, असे ते हसून म्हणत. ज्याने आपल्या मिळकतीतून आणि वेळेतून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामासाठी वर्षानुवर्षे पायपीट केली, त्या माणसाला लेकीबाळींनी घाबरावे यात विनोद आहे हे खरे, पण तो विनोद पचवण्याचे बळ त्यांच्याकडे होते म्हणून. गणपत पाटलांकडे पाहिले की हसू मावळते. तमाशापटांत नाच्याची भूमिका त्यांनी इतकी हुबेहूब वठवली की लोकांनी पडद्याबाहेरही त्यांच्या पुरुषत्वाविषयी शंका घेतली, कुचेष्टा केली, आणि त्या शंकेचा उपद्रव त्यांच्या मुलाबाळांपर्यंत पोहोचला. उत्तम अभिनयाबद्दल एखाद्या कुटुंबाला दंड भरावा लागल्याचे याहून लाजिरवाणे उदाहरण मला आठवत नाही.

दूरचित्रवाणीने या गल्लतीला सरकारी शिक्का दिला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले त्या वेळी आठवड्यातून एकदा भेटणारी पात्रे पाहुण्यासारखी येत आणि जात. दिलीप प्रभावळकर पुढे मालिकेतील चिमणरावाच्या कोटातून सहीसलामत बाहेर पडू शकले याचे श्रेय त्यांच्या बहुरूपी कलेला आहेच, पण मधल्या सहा दिवसांनाही थोडे द्यावे लागेल. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले आणि स्नान करून, संचाला हार घालून, उदबत्ती लावून लोक पडद्यासमोर बसू लागले. अरुण गोविल दिसले की पाया पडणारी माणसे त्या काळी कोठेही भेटत. १९९१ साली सीतेचे काम करणाऱ्या दीपिका चिखलिया बडोद्याहून लोकसभेवर निवडून गेल्या, तेव्हा भक्तीचे रूपांतर मतांत होते असा सिद्धांत पुष्कळांनी मांडला. पण त्याच निवडणुकीत साबरकांठ्याच्या मतदारांनी रावण झालेल्या अरविंद त्रिवेदींनाही तितक्याच आनंदाने दिल्लीला धाडले, हे त्या सिद्धांतवाल्यांनी सोयीस्करपणे दृष्टीआड केले. मतदार आपण समजतो तितका भाबडा नाही. पडद्यावरचा चेहरा ओळखीचा वाटतो, आणि ओळखीच्या माणसाला उजवे माप मिळते, इतकाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे डॉ. अमोल कोल्हे यांची हकीकत याच वळणाची असून तिला एक विलक्षण शेपूट आहे. २००८ च्या ‘राजा शिवछत्रपती’मध्ये शिवाजी महाराज आणि २०१७ पासून ‘स्वराज्यरक्षक संभाजी’मध्ये संभाजी महाराज अशी दोन सिंहासने भूषविल्यावर २०१९ साली ते शिरूरचे खासदार झाले. मग २०२२ च्या जानेवारीत, खासदार होण्यापूर्वी चित्रित झालेला एक चित्रपट प्रदर्शित होण्याच्या सुमारास असे उघड झाले की त्यात त्यांनी नथुराम गोडसेचे काम केले आहे. गदारोळ झाला, कलावंत म्हणून त्यांनी ती भूमिका केली असे शरद पवारांनी सांगूनही तो शमेना, आणि अखेरीस गांधीजींच्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी आळंदीला इंद्रायणीकाठी जाऊन त्यांना आत्मक्लेश करावा लागला. शिवाजी महाराजांचे काम केल्याचा लाभ ज्याने घेतला त्याने गोडसेचे काम केल्याचा तोटाही सोसावा, असा रोकडा युक्तिवाद तेव्हा अनेकांनी केला, आणि तो अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. तथापि एका नटाने एका भूमिकेबद्दल नदीकाठी बसून प्रायश्चित्त घ्यावे, हे दृश्य नाट्यवेड्या म्हणवणाऱ्या प्रांताला भूषणावह नव्हते.

येथवर मी प्रेक्षकाला दोष देत आलो, परंतु आजच्या दैनिक मालिकांच्या बाबतीत त्याला एकट्याला पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे होईल, कारण ही गल्लत आता केवळ होत नाही, ती पद्धतशीरपणे केली जाते. दर गुरुवारी ‘बार्क’ या संस्थेचे आकडे येतात. देशभरातील पन्नास हजारांहून अधिक निवडक घरांत बसवलेल्या यंत्रांनी कोण काय पाहते त्याची नोंद केलेली असते, आणि त्या आकड्यांवर जाहिरातीचा दर, जाहिरातीच्या दरावर मालिकेचे आयुष्य, आणि मालिकेच्या आयुष्यावर शे-दीडशे माणसांची चूल अवलंबून असते. आकडा घसरला की लेखकाला निरोप जातो: खलनायिकेला बळ द्या, नायिकेवर आळ आणा, लग्नाचा ‘ट्रॅक’ पुढे ओढा, रविवारी ‘महाएपिसोड’ ठेवा, आणि काहीच चालेना तर ‘लीप’ घ्या, म्हणजे कथा काही वर्षे पुढे न्या. बारा-तेरा तासांची ‘शिफ्ट’, हातात आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी आलेला ‘सीन’, आगाऊ चित्रित भागांची जेमतेम दोन-चार दिवसांची ‘बँक’, आणि केलेल्या कामाचे पैसे साधारण तीन महिन्यांनी, असा हा कारभार आहे. ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. ज्या रोहिणी हट्टंगडींनी अ‍ॅटनबरोंच्या ‘गांधी’मध्ये कस्तुरबा साकारून ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळवला, त्यांना त्या बारा वर्षांत वाढलेली एक अख्खी पिढी देशमुखांच्या घरची सासू म्हणून ओळखत होती. सोमवार ते शनिवार रोज बावीस-तेवीस मिनिटे जो चेहरा आपल्या स्वयंपाकघराशेजारी बोलतो, त्याला घरचे माणूस समजू नका असे सांगणे सोपे आहे, पाळणे नव्हे.

तालुक्याच्या गावी सराफी पेढीच्या उद्घाटनाला मालिकेतील नटी आणली जाते, तेव्हा काय होते ते कोणीही जाऊन पाहावे. अकराची वेळ दिलेली असते, बाई दीड वाजता येतात. पुण्याहून की मुंबईहून पहाटे निघालेल्या असतात, गाडीतच आवरलेले असते, आणि साडी मात्र मालिकेतलीच असते, कारण ‘सुपारी’ ठरवतानाच तसा करार झालेला असतो. व्यासपीठावरचा निवेदक त्यांना त्यांच्या खऱ्या नावाने एकदाही हाक मारीत नाही. गर्दीतून एखादी आजी पुढे घुसते, दंडाला धरते आणि ‘अगं, त्या सुनेला का छळतेस गं?’ असे खरोखरीच्या कळवळ्याने विचारते. बाई हसतात, आजीच्या पाया पडतात, मग ध्वनिक्षेपकावर आपले ते खुनशी हास्य करून दाखवतात, फीत कापतात, हार घालून घेतात, आणि पंचवीस मिनिटांत गाडी निघून जाते. आजी दिवसभर सांगत राहते की बाई स्वभावाने बरी आहे. हा सगळा प्रसंग मला मनापासून आवडतो हे कबूल केले पाहिजे, कारण त्यात निदान दोन जिवंत माणसे समोरासमोर आलेली असतात, आणि समोर आल्यावर आजीचे मत बदलते. हीच आजी, किंवा खरे म्हणजे तिचा नातू, मोबाइलवर त्याच नटीच्या छायाचित्राखाली जे लिहितो ते छापण्याजोगे नसते.

या कारभाराचा एक गोड मासलाही आहे. कोल्हापूरच्या मातीत घडलेली ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका २०१६ मध्ये सुरू झाली, राणादा आणि पाठकबाई घरोघर गेले, आणि चित्रीकरणाचा वाडा पाहायला बाहेरगावच्या गाड्या येऊ लागल्या. पुढे २०२२ च्या डिसेंबरात हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर यांनी खरोखरीच लग्न केले. तेव्हा प्रेक्षकांना जो आनंद झाला तो वऱ्हाड्यांचा नव्हता, वाङ्निश्चय आपणच घडवून आणल्याच्या समाधानाचा होता. सुखी असोत, पण उद्या त्यांच्यात साधा अबोला झाला तरी आपण त्यांना जाब विचारायला निघू, याची मला काळजी वाटते.

मग नटाच्या वागणुकीविषयी बोलूच नये काय? बोलावे, पण प्रकरण पाहून बोलावे. अभिनय वाईट झाला, कथानक निर्बुद्ध झाले, बाई रडते आणि बाप्या पाहतो याखेरीज मालिकेला तिसरा प्रसंग सुचत नाही, तर ते सडेतोडपणे सांगणे हे प्रेक्षकाचे कामच आहे, आणि आपण ते फार कमी करतो. गुन्हा घडला असेल तर त्याला पोलीस आणि न्यायालय आहे. तेथे नट म्हणून सवलत नको आणि नट म्हणून आधीच फाशीही नको. राजकीय मत हे नागरिकाचे मत असते, डॉ. श्रीराम लागूंनी परमेश्वराला निवृत्त करावे असे लिहिले तेव्हा लोक चिडले, वाद घातला, आणि संध्याकाळी त्यांचे नाटक पाहायला गेले, याहून शहाणी वागणूक मला माहीत नाही. घटस्फोट, लग्न, वजन, वय, कपडे यांविषयी मत बाळगण्याला मनाई नाही, पण ते ज्याच्या त्याच्या माजघरात राहिलेले बरे.

राहता राहिले ते फडताळातले प्रकरण. नट जेव्हा भूमिका करतो तेव्हा त्याने उसना चेहरा घेतलेला असतो. जेव्हा जाहिरात करतो तेव्हा मात्र तो स्वतःचा चेहरा, स्वतःचे नाव आणि तुमच्या मनात वर्षानुवर्षे साठलेला स्वतःविषयीचा विश्वास दुसऱ्याला भाड्याने देत असतो. माल कोणाचा का असेना, जामीन तो असतो. १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या, आणि भारतीय तारकांनी त्या साबणासाठी चेहरा देण्याची परंपरा तेथून सुरू झाली. साबणाने फार तर अंग चांगले निघाले नसते. आजचा माल निराळा आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, पण त्याच नावाच्या वेलचीच्या पुडीची जाहिरात कोट्यवधींचे मानधन घेणारे नायक करतात, आणि पान टपरीपुढे उभ्या असलेल्या पोराला वेलचीच हवी असते असे मानण्याइतके भोळे त्या जाहिरातीतले कोणीच नसते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन पत्त्यांची आणि ‘टीम बनवा’ची जाहिरात आपल्या मराठी मालिकांच्या लाडक्या चेहऱ्यांनीही केलेली आहे, २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून अशा खेळांना आणि त्यांच्या जाहिरातींना मनाई केली, पण तोवर ज्यांचे पगार त्यात गेले त्यांना ते परत मिळालेले नाहीत. ज्या नटीच्या तोकड्या कपड्यांवर आपण आठवडाभर बोललो, तिने कर्जबाजारी करणारा खेळ आपल्या मुलाच्या हातात दिला तेव्हा आपण वाहिनीसुद्धा बदलली नाही.

येथे लोकमताचा उपयोग होतो याला पुरावा आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमिताभ बच्चन यांनी पान मसाल्याच्या एका नाममुद्रेशी असलेला करार सोडला आणि मानधन परत केले. एप्रिल २०२२ मध्ये अक्षय कुमार यांनी वेलचीच्या जाहिरातीबद्दल चाहत्यांची जाहीर माफी मागून त्या कामातून अंग काढून घेतले. दोन्ही वेळी हे घडवून आणले ते सामान्य लोकांच्या टीकेने. न्यायालयाला हुकूम काढावा लागला नाही. म्हणजे शंभर वर्षे भलत्याच दाव्यांत खर्ची पडलेली आपली ताकद योग्य दाव्यात लावली तर चार दिवसांत निकाल लागतो.

कायदाही आता आपल्या बाजूला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये फसव्या जाहिरातीत चेहरा देणाऱ्याला दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो; शिवाय पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत आणि नंतर तीन वर्षांपर्यंत जाहिरात करण्याची मनाई केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण करू शकते. आपण मालाची वाजवी चौकशी केली होती असे त्याला दाखवता आले, तरच त्याची सुटका. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वेलचीच्या आडून गुटखा विकण्याच्या प्रकारालाही प्रतिबंध केला आहे. मात्र ही यंत्रणा चालायची तर बहुधा तिच्याकडे कोणीतरी तक्रार पोहोचवावी लागते. तेव्हा मालिकेच्या मध्ये एखादा ओळखीचा चेहरा तुम्हाला न पटणारे काही विकू लागला, तर त्याच्या बायकोविषयी बोलण्यात संध्याकाळ घालवण्यापेक्षा तेवढी तक्रार नोंदवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तेथे मराठीतून बोलता येते.